दार लावून तपासले

राऊटरच्या खोक्यावर एका बाजूला हिरव्या अक्षरांत छापलेलं असतं, 'दीडशे फुटांपर्यंत रेंज'. हे दीडशे फूट कुणी मोजले आणि कुठे मोजले, ते मात्र छापलेलं नसतं. बाईंनी एकदा कंपनीच्या प्रशिक्षणात हात वर करून विचारलं होतं. शिकवणारा म्हणाला, मोकळ्या मैदानात. बाई म्हणाल्या, "मैदानात राहतं कोण?" सगळा वर्ग हसला, शिकवणारा तेवढा हसला नाही. त्या दिवसापासून बाईंच्या नावापुढे कंपनीत एक बारीकशी खूण पडली ती पडलीच.

बाईंचं वय सेहेचाळीस. घरोघरी जाऊन इंटरनेटची वायर ओढायची, राऊटर बसवायचा, चालू करून दाखवायचा आणि फॉर्मवर गिऱ्हाइकाची सही घेऊन यायचं, हे काम त्या नऊ वर्षं करत होत्या, आणि नऊच्या नऊ वर्षं हंगामी म्हणून. वर्षातून एकदा कायम होणाऱ्यांची यादी लागायची. बाईंच्या मागून आलेले तिघे त्या यादीत जाऊन बसले होते. यंदा मात्र हेड ऑफिसच्या कारकुनाने स्वतः सांगितलं होतं की तुमचं नाव वर गेलंय, आता शुक्रवारपर्यंत काही वाकडं होऊ देऊ नका. बाईंना ते कायमपण हवं होतं. घरात आई होती, तिच्या कमरेचं दुखणं होतं, नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान कधी चालायचं, कधी बसून राहायचं. नको कशाला असेल?

त्यांची उंची बेताची आणि आवाज दणदणीत होता. "हिची रेंज राऊटरपेक्षा जास्त आहे," असं शिडीमामा म्हणायचे. शिडीमामा म्हणजे बाईंचे जोडीदार. कंपनीतला सगळ्यात जुना माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आपली शिडी ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत, जेवतानासुद्धा भिंतीला टेकवून तिच्याकडे तोंड करून बसत. बाईंना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. ड्रिल कसं धरायचं, कुत्रं असलेल्या घरात आधी कुणी शिरायचं, चहा नको म्हणताना कितीदा नको म्हणायचं, सगळं.

लोकांना समजावून सांगण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. राऊटर ठेवायला लोक काय काय जागा शोधतात, त्याचा त्यांच्याकडे साठाच होता. कुणी टीव्हीच्या मागे कोंबतो, कुणी लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप लावतो, कुणी माशांच्या टाकीला खेटून उभा करतो आणि मग रेंज नाही म्हणून कंपनीच्या नावाने खडे फोडतो. एका काकूंनी तर त्याला लोकरीची टोपी विणून घातली होती. बाईंनी ती काढून काकूंच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "टोपीने रेंज अडत नाही, पण बिचाऱ्याला उकडतं हो."

मग त्या सांगायच्या. हा घराच्या मधोमध, उघड्यावर, छातीएवढ्या उंचीवर ठेवायचा. याचे आवाज दोन. एक जाडा, एक बारीक. बारीक आवाज भरभर बोलतो, पण भिंत आली की मान टाकतो. जाडा हळू बोलतो, पण भिंतीतून घुसतो. साध्या विटेच्या दोन भिंती तो पार करेल, नशीब असेल तर तीन. काँक्रीटची भिंत एक पुरे झाली. मोठा आरसा, फ्रीज, पाण्याची टाकी, पत्र्याचं कपाट यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याने बोलून भागत नाही, तुमच्या फोनलाही याला उत्तर देता आलं पाहिजे. फोनचा आवाज याच्यापेक्षा लहान. त्यामुळे होतं काय, की फोनवर रेंजच्या दांड्या दिसतात आणि काम काहीच होत नाही. खोक्यावरच्या दीडशे फुटांबद्दल कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "ते फूट मैदानातले आहेत. तुमच्या घरात फूट मोजू नका, भिंती मोजा."

एवढं सांगणारं माणूस कंपनीला आवडायला हवं होतं. आवडत नव्हतं, कारण बाई दार लावायच्या.

ते असं आहे. राऊटर बसवून झाला की शेवटच्या खोलीपर्यंत रेंज येते का हे बघायचं आणि फॉर्मवरच्या 'सर्व खोल्यांत रेंज' या चौकटीत बरोबरची खूण करायची, असा नियम. त्यासाठी आधी फोनवरचं टॉवरचं नेटवर्क बंद करायचं आणि फक्त वायफाय चालू ठेवायचं. आता शेवटची खोली म्हणजे बहुतेक घरात निजायची खोली. तिथे परक्याने कशाला शिरायचं, म्हणून या धंद्यातली सगळी माणसं खोलीच्या दारात उभी राहतात. दार सताड उघडं, फोन डोक्याच्या उंचीवर, तीन दांड्या दिसल्या की बरोबर. यात कुणाच्या मनात खोट नसते. उलट अदब असते. शिडीमामांनी बाईंना हेच शिकवलं होतं आणि शिडीमामांना त्यांच्या वरच्याने.

बाई आत जायच्या, दार लावायच्या, पलंगाच्या कडेला खाली फरशीवर बसायच्या आणि तिथून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वायफायवरून फोन लावायच्या. लागला तर बरोबर, नाहीतर फुली. यामुळे एका घरी वीस मिनिटं जास्त जायची. घरातली माणसं एकमेकांकडे बघायची. एका नवऱ्याने तर घाबरून दार ठोठावलं होतं. कंपनीत त्यांना नाव पडलं, दारवाल्या बाई.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते फक्त शिडीमामांना माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी बाईंची आई एकटी राहायची. तळमजल्यावरच्या घरात, मागच्या अंगाला, जिथे मोबाईलचा टॉवर पोचायचा नाही. बाईंनीच तिथे राऊटर बसवून दिला, पुढच्या खिडकीपाशी. नियमाप्रमाणे मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, तीन दांड्या बघितल्या आणि फॉर्मवर बरोबरची खूण करून आईची सही घेतली. आई म्हणाली, "काय गं, माझी पण सही लागते का तुला?" दोघी हसल्या होत्या.

आई दुपारी झोपायची ती दार लावून. समोर पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप होतं, दिवसभर ठणाणा चालायचा. एका दुपारी तीनला उठताना तिचा पाय सरकला आणि ती पलंग आणि भिंत यांच्या मध्ये पडली. फोन हाताशी होता. त्यावर दोन दांड्या होत्या. तिने लेकीला फोन लावला. फोन 'जोडत आहे, जोडत आहे' म्हणत राहिला आणि जोडला काही गेला नाही. तिने अकरा वेळा लावला. मग हाका मारल्या, पण त्या वर्कशॉपच्या ठणाण्यात कोण ऐकतो? बाई संध्याकाळी सातला भाजी घेऊन गेल्या तेव्हा आई फरशीवर तशीच होती, चार तास. कमरेचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर आईने काय म्हणावं? "मी ओरडत होते गं, तुझा डबा ठार बहिरा निघाला." ती चेष्टेत म्हणाली आणि बाईंना रडू आवरेना. त्यांना स्वतःचीच चीड आली. दुसऱ्याने चूक केली असती तर भांडता आलं असतं. इथे फॉर्मवर त्यांचीच खूण, त्यांचीच सही. त्या फॉर्मची पिवळी प्रत त्यांनी घडी करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि तेव्हापासून दारात उभं राहणं सोडलं ते सोडलंच.

आई आता त्यांच्याकडेच राहते, काठी घेऊन घरभर फिरते, जावयाला मशीनबद्दल सल्ले देते. बाईंनी घरी राऊटर मधल्या भिंतीवर ठोकलाय आणि रोज दुपारी तीनला, असतील तिथून, आईशी त्यांचा फोन होतो. कधी या करतात, कधी ती करते. आईने दार लावून, पलंगावर बसून बोलायचं, असा ठराव आहे. पहिलं वाक्यही ठरलेलं आहे, "दार लावलंय. बोल."

तर यंदा, यादी लागायच्या दोन आठवडे आधी, नव्या इमारतीचं काम आलं. समोरासमोर दोन विंगा, प्रत्येकीत अकरा मजले, मजल्यावर चार घरं. बांधणाऱ्याने घराघरांत दारामागच्या भिंतीत एक लोखंडी पेटी बसवून दिली होती, वर पांढरं चकचकीत झाकण. कंपनीने करार केला होता की वायर तिथवरच येणार आणि राऊटर त्या पेटीतच बसणार, भिंतीवर एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. कराराच्या खाली लिहिलेलं होतं, सर्व खोल्यांत रेंज.

बाईंनी पहिल्या घरात पेटी उघडली, आत बघितलं आणि झाकणावर बोटाने टकटक केलं. "मामा, हे लोखंड आहे."

"दिसतंय मला."

"राऊटर तिजोरीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. आणि त्याने म्हणे मागच्या खोलीपर्यंत जायचं."

"झाकण उघडं ठेवून बघू की," शिडीमामा म्हणाले.

"राहणारी माणसं झाकण उघडं ठेवून राहणार आहेत?"

मामा शिडी सरळ करायला लागले. त्यांना उत्तर द्यायचं नसलं की शिडी वाकडी असायची.

पेटीपासून मागच्या खोलीपर्यंत काँक्रीटच्या दोन भिंती होत्या, मध्ये फरशा लावलेलं न्हाणीघर, आणि बहुतेक घरात फ्रीज ठेवायची जागा नेमकी त्याच ओळीत. बाईंनी प्रत्येक घरात झाकण लावलं, दार लावलं, फरशीवर बसल्या. एका घरात फोन लागला नाही. दुसऱ्यात नाही. आठ दिवसांत त्यांनी एक्केचाळीस घरं केली आणि एक्केचाळीस फॉर्मवर फुली मारली. पहिल्या घरानंतर जोड्या बदलल्या होत्या; समोरच्या विंगेत शिडीमामांनी दुसऱ्या जोडीदाराबरोबर तेवढीच घरं केली आणि तेवढ्याच बरोबरच्या खुणा.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. साहेब नवे होते, वयाने बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, कपडे कडक इस्त्रीचे. माणूस वाईट नव्हता, त्याला वरून दट्ट्या होता. टेबलावर दोन गठ्ठे ठेवले होते.

"बाई, एकच इमारत, एकच राऊटर, एकच पेटी," साहेब म्हणाले. "या गठ्ठ्यात सगळं बरोबर, या गठ्ठ्यात सगळं चूक. मी वर काय सांगू?"

"माझा गठ्ठा खरा आहे असं सांगा."

"तुम्ही दार का लावता?"

"लोक लावतात म्हणून."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "फॉर्ममध्ये दाराचा कुठे उल्लेख आहे का? नाही. मग? हे बघा, शुक्रवारी यादी जाते. तुमचं नाव आहे तिच्यात, मला ते काढायचं नाहीये. एक्केचाळीस खुणा बदलायला तुम्हाला पंधरा मिनिटं लागतील. नाहीतर मग कंपनीचं कार्ड जमा करा आणि घरी बसा."

"आणि ज्याला मागच्या खोलीत फोन लागणार नाही तो?"

"तो तक्रार करेल, आपण दुसरा डबा लावून देऊ. सगळीकडे असंच चालतं."

"तक्रार करायला फोन लागावा लागतो, साहेब," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी जेवताना सगळं सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि पोळीचा तुकडा हातातच धरून म्हणाला, "नऊ वर्षं थांबलीस. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी असतो तर केलं असतं." त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. दुकानाचं छप्पर गळत होतं आणि बायकोचं कायम होणं त्याने मनातल्या मनात पक्कं धरलं होतं. बाईंना त्याचा राग आला नाही. ताटं उचलताना आई एवढंच म्हणाली, "त्या एक्केचाळीस घरांत माझ्या वयाच्या किती आहेत?"

बाईंनी मोजल्या नव्हत्या. आता मनात मोजायला लागल्या आणि सातपाशी थांबल्या.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, साहेब स्वतःच इमारतीत आले. झालं असं की सहाव्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेने फॉर्मवर सही करायला नकार दिला होता. त्या मागच्या खोलीतून, दार लावून, पडद्यावर मुलांना गणित शिकवायच्या, कारण पुढच्या खोलीत त्यांचे आजारी सासरे असायचे. दारवाल्या बाईंनी त्यांना सरळ सांगितलं होतं की पेटीत डबा ठेवलात तर तुमचा वर्ग चालणार नाही. ही बातमी मजल्यामजल्यावर पसरली आणि आणखी पाचसहा घरं अडून बसली. साहेबांनी बांधणाऱ्याचा माणूस आणि फॉर्मचे दोन्ही गठ्ठे बरोबर आणले होते. सगळ्यांसमोर एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, असा बेत होता. शिडीमामाही होते, शिडीसकट.

शिक्षिकेच्या घरी साहेबांनी पेटीचं झाकण उघडलं, आत हिरवे दिवे लुकलुकत होते. ते तसंच उघडं ठेवून ते पुढच्या खोलीतून, बोळातून, मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार उघडं. फोन वर धरला. "या, बघा. तीन दांड्या. बघितलं? तीन."

शिक्षिकेने बघितलं. बांधणाऱ्याच्या माणसाने बघितलं आणि मान डोलावली. दारात तीन दांड्या होत्या यात खोटं काहीच नव्हतं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता माणसं राहतात तसं घर करूया." त्या मागे गेल्या, पेटीचं झाकण खटकन लावलं, फ्रीज जागेवर आहे ना हे बघून परत आल्या. "साहेब, आत जा. पलंगाच्या कडेला खाली बसा."

"खाली कशाला?"

"माणूस पडतो तो फरशीवर पडतो. बसा. मी दार लावते, तुम्ही मला वायफायवरून फोन करा. लागला तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खुणा मी इथे उभ्या उभ्या बदलते आणि तुमची माफी मागते."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. त्यांनी पँट गुडघ्याशी चिमटीत धरून वर ओढली, सांभाळून खाली बसले, आणि बाईंनी दार लावलं.

बाहेर चौघंजण उभे राहिले. बाई पुढच्या खोलीत येऊन थांबल्या, पेटीपासून चार पावलांवर, टॉवरचं नेटवर्क बंद केलेला फोन तळहातावर आडवा धरून. एक मिनिट गेलं. शिडीमामांनी शिडी उगीच सरळ केली. दोन मिनिटं गेली. बांधणाऱ्याचा माणूस म्हणाला, "नंबर शोधत असतील." पुढच्या खोलीतल्या पलंगावरच्या सासऱ्यांनी सुनेला विचारलं, "हे सगळे कशाची वाट बघतायत?" शिक्षिका म्हणाल्या, "फोनची." सासरे म्हणाले, "बरं," आणि तेही वाट बघायला लागले.

लागेल की काय, असं एकदा बाईंच्या मनात आलं. खरं सांगायचं तर, लागावा, असंही वाटून गेलं. लागला असता तर उद्या यादीत नाव होतं, छप्पर नीट झालं असतं आणि त्या नुसत्या एक खुळ्या बाई ठरल्या असत्या. खुळं ठरायला त्यांची काही हरकत नव्हती.

आणि फोन वाजला.

बांधणाऱ्याच्या माणसाने हुश्श केलं. बाईंनी फोनकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तीन वाजले होते. त्यांनी स्पीकर चालू केला.

"दार लावलंय," आईचा आवाज खोलीभर घुमला. "बोल. काय झालं त्या साहेबाचं?"

"तो आत बसलाय, आई. दार लावून."

"अगंबाई. मग लागला का त्याचा फोन?"

"अजून नाही."

"पडला-बिडला नाही ना?"

पलंगावरचे सासरे मोठ्याने हसले. शिडीमामांनी तोंडावर हात धरला. तेवढ्यात मागून आवाज आला, ठक, ठक, ठक. फोन वाजला नव्हता, दार वाजत होतं.

बाईंनी जाऊन दार उघडलं. साहेब उभे होते, गुडघ्याला धूळ, कानापर्यंत लाल झालेले. फोनवर अजून 'जोडत आहे' चाललेलं होतं, वर दोन दांड्या. त्यांनी नऊ वेळा लावला होता.

"नेटवर्कला काहीतरी झालंय," ते म्हणाले.

"माझी आई आत्ता याच राऊटरवरून बोलत होती," बाई म्हणाल्या. "नेटवर्क ठणठणीत आहे. फक्त तुम्ही दाराच्या आत होतात."

साहेब बोळात बाईंना बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, मला पटलं. पण करार झालाय, तो मी बदलू शकत नाही. एक साधी खूण आहे, बाई. एका खुणेने काय होतं?"

बाईंनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून पिवळा कागद काढला, उलगडला आणि त्यांच्यापुढे धरला. "ही पण एक साधी खूण आहे. माझीच आहे. हिच्यापायी माझी आई चार तास फरशीवर पडून होती आणि तिने मला अकरा वेळा फोन लावला होता. तुम्ही नऊ वेळा लावून दार वाजवलंत. तिला उठता येत नव्हतं."

साहेबांनी कागद वाचला. वाचून परत दिला, आणि मग जे त्यांना वरून सांगितलेलं होतं तेच म्हणाले. "खुणा बदला, नाहीतर कार्ड जमा करा."

"कार्ड मी देणार नाही," बाई म्हणाल्या, आणि आता त्या आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत होत्या, म्हणजे पाचव्या आणि सातव्या मजल्यालाही ऐकू गेलं असणार. "चोरी केली असती तर दिलं असतं. तुम्हाला काढायचं असेल तर लेखी काढा. कारणाच्या जागी लिहा, दार लावून तपासले. खाली तुमची सही करा. ते पत्र मी घराच्या दारावर चिकटवीन."

मग त्या पुढच्या खोलीत आल्या, टेबलावर एक्केचाळीस फॉर्म मांडले आणि प्रत्येकाच्या फुलीपुढे, जिथे लिहायला चौकट नव्हती तिथे, समासात लिहायला बसल्या, 'दार लावून तपासले', आणि खाली पूर्ण नावाची सही. शिक्षिकेने आपला फॉर्म ओढून घेऊन त्याखाली आपली सही केली. पंधरा मिनिटं लागली. साहेबांचा अंदाज बरोबर होता.

शिडीमामा बराच वेळ भिंतीशी उभे होते. बाईंचे फॉर्म संपत आल्यावर ते पुढे आले, शिडी त्यांनी बांधणाऱ्याच्या माणसाच्या हातात दिली, "धरा जरा," म्हणाले. खिशातून चष्मा काढला आणि स्वतःचा गठ्ठा पुढ्यात घेतला. "सगळ्यात वरचा फॉर्म कुठल्या घराचा गं? तिसऱ्या मजल्यावरच्या? तिथे एक आजी आहेत." त्यांनी आपल्याच खुणेवर काट मारली. "दार मी लावलेलं नाही," ते म्हणाले. "जाऊन लावतो. सगळीकडे लावतो. दोन वर्षं तर राहिलीयत माझी." बाईंनी मान खाली घालून पुढचा फॉर्म ओढला.

शुक्रवारी यादी लागली. बाईंचं नाव तिच्यात नव्हतं. कार्ड मात्र कुणी मागितलं नाही, कारण काढून टाकायचं कारण लेखी द्यायला कुणाचाच हात धजला नाही. बाईंनी सोमवारी अर्ज दिला, 'माझे नाव यादीतून का वगळले ते लेखी कळवावे'. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी त्यांनी दुसरा दिला. त्याचंही आलं नाही. कारकून आता सोमवारी त्यांना लांबून बघितलं की पोचपावतीचा शिक्का काढूनच ठेवतो.

इमारतीतल्या घरांनी सह्या अडवल्या त्या अडवल्याच, तेव्हा महिन्याभराने करार मुकाट्याने वाकला. राऊटर पेटीतून बाहेर काढून बोळाच्या भिंतीवर लावायचे ठरले. ते काम बाईंनाच आलं, दुसऱ्या कुणाला तिथली माणसं घरात घेत नव्हती. यंदा त्यांचं हंगामी म्हणून दहावं वर्ष. नवरा छपराला स्वतःच पत्रा ठोकतो आहे, त्याच्या सासूबाई खाली उभ्या राहून काठीने जागा दाखवतायत.

परवा तीन वाजता त्या सातव्या मजल्यावर होत्या. फोन वाजला.

"दार लावलंय. बोल. आलं का उत्तर?"

"नाही आलं."

"मग आता?"

"आता सोमवारी परत देते," बाई म्हणाल्या. "ठेव तू. मला इथलं दार लावायचंय."